खोटे संदेष्टे व खऱ्या संदेशाची पारख

जुन्या काळीं बाजारांत रुपया हातीं आला म्हणजे सावकार तो प्रथम दगडावर वाजवून पाहत असे. खोटा रुपया दिसण्यांत खऱ्यासारखाच असतो. तसा तो नसता तर कोणीं तो घेतलाच नसता. राजाचें मुख, साल, कडेच्या रेघा, सर्व कांहीं जागच्या जागीं असतें. फरक पडतो तो नादांत. इब्री लोकांच्या शास्त्रांत, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसंग्रहांत, खोट्या संदेष्ट्यांच्या ज्या कथा आल्या आहेत, त्या वाचतांना या रुपयाची आठवण होते. शास्त्राच्या तासाला या कथा ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांचा बहुधा असा समज होतो कीं, खोटा संदेष्टा म्हणजे कोणी तरी उघड लबाड मनुष्य असला पाहिजे, आणि त्याला न ओळखणारे लोक निव्वळ भोळे असले पाहिजेत. परंतु मूळ कथा लक्षपूर्वक वाचल्या असतां हा समज टिकत नाहीं. खऱ्याखोट्याची निवड करणें त्या लोकांना अत्यंत कठीण गेलें, आणि त्या निवडीवर एका सबंध राष्ट्राचें भवितव्य अवलंबून होतें. ती निवड कठीण कां झाली व तिच्यासाठीं शास्त्रानें कोणत्या कसोट्या सांगितल्या आहेत, याचा विचार यिर्मया व हनन्या यांच्या प्रसंगावरून या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम 'संदेष्टा' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. मराठींत या अर्थीं 'भविष्यवादी' असाही शब्द योजीत असल्यामुळें, संदेष्टा म्हणजे पुढें होणाऱ्या गोष्टी सांगणारा ज्योतिषी अशी कल्पना होते. मूळ इब्री शब्द 'नाबी' असा आहे, व नाबी म्हणजे देवाच्या वतीनें बोलणारा मनुष्य. भविष्यकथन हा त्याच्या कामाचा एक भाग खरा. पण राजा व प्रजा यांच्या चालू वर्तनाविषयीं देवाचें म्हणणें काय आहे हें त्यांना निर्भयपणें कळविणें, हें त्याचें मुख्य काम होय. असे संदेष्टे इस्राएल व यहूदा या दोन्ही राज्यांत पुष्कळ होते. राजा लढाईस निघण्यापूर्वीं त्यांचा कौल घेत असे, व मंदिरांतही त्यांचा वावर असे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. इब्री शास्त्रांत 'खोटा संदेष्टा' या अर्थाचा स्वतंत्र असा एक शब्दच नाहीं. यिर्मयाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत हनन्याला जागोजाग 'नाबी' असेंच म्हटलें आहे, आणि त्याच अध्यायांत तोच शब्द यिर्मयालाही लाविला आहे. पुढें ख्रिस्तापूर्वींच्या शेवटच्या कांहीं शतकांत यहूदी लोकांनीं या शास्त्राचें ग्रीक भाषेंत भाषांतर केलें, तेव्हां भाषांतरकारानें हनन्याच्या नांवापुढें आरंभींच 'खोटा संदेष्टा' असा ग्रीक शब्द घातला. भाषांतरकाराला कथेचा शेवट ठाऊक होता. परंतु ज्या दिवशीं हे दोघे परमेश्वराच्या मंदिरांत समोरासमोर उभे राहिले, त्या दिवशीं भोंवतालच्या लोकांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्यापुढें दोन नाबी होते. दोघेही एकाच देवाच्या नांवानें बोलत होते, आणि दोघांचें बोलणें परस्परविरुद्ध होतें.

तो प्रसंग असा. इ. स. पू. ५९७ मध्यें बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेम घेतलें. बाबेलच्या इतिहासकारांनीं लिहिलेली या काळाची एक मातीची पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें असून तिच्यावरील मजकूर १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. राजानें यहूदाचें नगर अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशीं घेतलें, तेथील राजाला पकडलें, आपल्या पसंतीचा दुसरा राजा नेमिला व मोठी खंडणी नेली, अशी तींत नोंद आहे. पकडलेला राजा यकन्या हा अवघा तीन महिने गादीवर होता. त्याच्याबरोबर सरदार, लढवय्ये, लोहार व इतर कारागीर अशा हजारों लोकांना बाबेलास नेण्यांत आलें, व मंदिरांतील मौल्यवान पात्रेंही गेलीं. यकन्याचा चुलता सिद्कीया याला बाबेलचा मांडलिक म्हणून गादीवर बसविण्यांत आलें. मागें राहिलेल्या लोकांच्या मनांत एकच प्रश्न घोळत होता, तो हा कीं, आपलीं माणसें परत केव्हां येतील?

इ. स. पू. ५९४ च्या सुमारास अदोम, मवाब, अम्मोन, सोर व सीदोन या पांच राज्यांचे वकील यरुशलेमास सिद्कीयाकडे आले. बाबेलचें जोखड झुगारून देण्याचा विचार चालला होता. अशा वेळीं यिर्मया आपल्या मानेवर खरोखरीचें लांकडी जोखड घालून लोकांपुढें आला. बाबेलच्या राजाची सत्ता सध्यां देवाच्या आज्ञेनेंच आहे. तिच्याखालीं मान वांकवा म्हणजे जगाल, बंड कराल तर तरवार, दुष्काळ व मरी यांनीं नष्ट व्हाल, असा त्याचा संदेश होता. स्वदेशाभिमानी मनुष्याच्या कानांना हे शब्द किती कडू लागले असतील याची कल्पना करावी.

त्याच वर्षाच्या पांचव्या महिन्यांत गिबोन गांवचा हनन्या हा याजक व लोक यांच्यासमक्ष मंदिरांत उभा राहिला. देवानें बाबेलच्या राजाचें जोखड मोडलें आहे. दोन वर्षांच्या आंत मंदिराचीं पात्रें, राजा यकन्या व सर्व बंदिवान परत येतील, असें त्यानें परमेश्वराच्या नांवानें सांगितलें. हनन्या हा मूर्ख होता किंवा त्यानें भलतेंच कांहीं सांगितलें, असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच्या म्हणण्याला आधार होता. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं, इ. स. पू. ७०१ मध्यें, अश्शूरचा राजा सन्हेरीब यानें यरुशलेमास वेढा दिला असतां यशया संदेष्ट्यानें नगर शत्रूच्या हातीं जाणार नाहीं असें सांगितलें होतें, व तसेंच घडलें होतें. यशयानें दिलेला धीर खरा ठरला, तर हनन्यानें दिलेला खोटा कां मानावा? शिवाय, वर सांगितलेल्या बाबेलच्या पाटीवरून असें दिसतें कीं, याच सुमारास खुद्द बाबेल देशांत नबुखद्नेस्सराविरुद्ध बंड झालें होतें. म्हणजे शास्त्राची परंपरा, राजकारणाची हवा आणि लोकांच्या अंतःकरणांतील आशा, हीं तिन्ही हनन्याच्या बाजूचीं होतीं.

आतां यिर्मयाचें उत्तर पाहावें. त्यानें हनन्याला तेथल्या तेथें लबाड म्हटलें नाहीं. आमेन म्हणून, देव तसेंच करो, अशी इच्छा त्यानें प्रगट केली. बंदिवान परत यावे असें त्यालाही वाटत होतें. लोकांचें दुःख त्याचेंही दुःख होतें. नंतर त्यानें एवढेंच स्मरण दिलें कीं, आपल्या दोघांच्या पूर्वीं होऊन गेलेल्या संदेष्ट्यांनीं अनेक देशांवर येणारीं युद्धें व संकटें यांविषयीं सांगितलें आहे. जो संदेष्टा कुशल होईल असें सांगतो, त्याला देवानें खरोखर पाठविलें होतें हें त्याचें वचन घडून आल्यावरच कळतें. यावर हनन्यानें यिर्मयाच्या मानेवरील जोखड काढून सर्वांदेखत मोडून टाकलें. यिर्मया कांहीं न बोलतां आपल्या वाटेनें निघून गेला.

हें निघून जाणें फार अर्थपूर्ण आहे. ज्याला स्वतःचेंच म्हणणें खरें करावयाचें असतें, त्याच्या तोंडीं उत्तर नेहमीं तयार असतें. यिर्मयाजवळ त्या क्षणीं देवाकडून आलेला नवा शब्द नव्हता, म्हणून त्यानें आपल्या पदरचा शब्द घातला नाहीं. कांहीं काळानंतर संदेश मिळाला तेव्हांच तो परत आला, व लांकडी जोखड मोडून तूं त्याच्या जागीं लोखंडी जोखड आणिलेंस, असें त्यानें हनन्याला सांगितलें. हनन्या त्याच वर्षीं सातव्या महिन्यांत मरण पावला. पुढें सिद्कीयानें बंड केलें, बाबेलच्या सैन्यानें दीर्घ काळ वेढा दिला, आणि इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ मध्यें नगर व मंदिर जाळण्यांत आलें.

आतां कसोट्यांचा विचार करूं. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवाद या पुस्तकांत, दोन कसोट्या दिल्या आहेत. पहिली अशी कीं, संदेष्ट्यानें सांगितलेलें घडून आलें नाहीं तर तें वचन देवाचें नव्हे. ही कसोटी सरळ दिसते. परंतु ऐकणाराला निर्णय आज करावयाचा असतो, आणि पुरावा हातीं येतो तो वेळ निघून गेल्यावर. वेढा पडल्यावर यिर्मया खरा होता असें कळून काय उपयोग? दुसरी अडचण अशी कीं, खऱ्या संदेष्ट्याची धमकीही कधीं कधीं घडून येत नाहीं. चाळीस दिवसांनीं निनवेचा नाश होईल असें योनानें सांगितलें. लोकांनीं पश्चात्ताप केला व नगर वांचलें. मीखानें सियोन शेतासारखें नांगरलें जाईल असें म्हटलें असतां हिज्कीया राजानें तें मनावर घेतलें, म्हणून तें अरिष्ट टळलें; हा दाखला यिर्मयाच्या खटल्याच्या वेळीं देशांतील वडील मंडळींनींच दिला आणि त्यामुळें त्याचा प्राण वांचण्यास मदत झाली. धोक्याची सूचना ऐकून धोका टळला तर सूचना खोटी ठरत नाहीं. उलट तिचें कार्य सिद्धीस जातें.

नियमशास्त्राची दुसरी कसोटी याहून खोल आहे. एखाद्यानें सांगितलेलें चिन्ह घडून आलें, तरीही तो लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचें ऐकूं नये, असें तेथें बजाविलें आहे. अर्थात् केवळ भाकीत खरें ठरणें एवढ्यानें काम भागत नाहीं. तो मनुष्य आपणांस कोणत्या मार्गानें नेतो हें पाहावें लागतें. यिर्मयाचा आक्षेप नेमका हाच आहे. हे संदेष्टे देवाच्या सभेंत खरोखर उभे राहिले असते, तर त्यांनीं लोकांना त्यांच्या वाईट मार्गापासून फिरविलें असतें, असें तो म्हणतो. हनन्याच्या संदेशांत पात्रें परत येतात, राजा परत येतो, बंदिवान परत येतात. पण त्यासाठीं ऐकणारानें आपल्या वागणुकींत तिळमात्र बदल करावा असें कोठेंही नाहीं. गरिबांवर जुलूम चालो, न्यायाधीश लांच खावोत, सर्व कांहीं ठीकच होणार! यहेज्केलानें अशा संदेशाला मोठी समर्पक उपमा दिली आहे. लोक कच्ची भिंत बांधतात व संदेष्टे तिच्यावर पांढरा रंग चढवितात. पाऊस आला म्हणजे भिंत व रंग दोन्हीही जमीनदोस्त होतात.

तिसरी गोष्ट लाभाची. मीखाच्या काळीं असे संदेष्टे होते कीं, जो त्यांच्या तोंडांत घांस घालील त्याला ते कुशल सांगत, आणि जो कांहीं देणार नाहीं त्याच्याशीं युद्ध पुकारीत. आपल्याकडे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. याच्या उलट आमोस पाहा. बेथेल येथील याजकानें त्याला, यहूदांत जाऊन तेथें संदेश सांग व आपलें पोट भर, असें हिणविलें, तेव्हां आपण धंद्यानें संदेष्टे नसून मेंढरें राखणारे व उंबराच्या झाडांची निगा करणारे आहों, असें उत्तर त्यानें दिलें.

चौथी गोष्ट बहुमताची. इ. स. पू. नवव्या शतकांत इस्राएलचा राजा अहाब यानें रामोथ-गिलादवर स्वारी करण्यापूर्वीं सुमारें चारशें संदेष्ट्यांना विचारिलें, व सर्वांनीं एकमुखानें जय सांगितला. त्यांपैकीं सिद्कीया नांवाच्या एकानें तर लोखंडाचीं शिंगेंही करून आणिलीं. मीखाया हा एकटा उरला होता. त्याला बोलावण्यास गेलेल्या जासुदानें, इतरांसारखेंच गोड बोल, असा त्याला सल्लाही दिला. परंतु मेंढपाळावांचून पांगलेल्या कळपासारखे इस्राएल लोक आपणांस दिसत आहेत असें त्यानें राजाला सांगितलें; त्याबद्दल त्याला गालांत चपराक व तुरुंगांतील अर्धपोटी अन्न मिळालें. अहाब वेष पालटून लढाईस गेला, तरी कोणीं सहज सोडलेला बाण त्याला लागला व संध्याकाळीं तो मेला. चारशें मुखांतून निघालेलें असत्य चारशें पट खरें होत नाहीं. यिर्मयानेंही, हे संदेष्टे एकमेकांचीं वचनें चोरतात, असा ठपका ठेविला आहे.

पांचवी गोष्ट आचरणाची. बाबेलांतील बंदिवानांना अहाब व सिद्कीया या नांवांचे दुसरे दोन संदेष्टे मोठ्या आशा दाखवीत होते. ते व्यभिचारी होते असें यिर्मयानें आपल्या पत्रांत उघडपणें लिहिलें. वैद्याचें औषध त्याच्या वागणुकीवरून ठरवीत नाहींत. परंतु जो मनुष्य देवाची इच्छा सांगतों म्हणतो, त्याच्या जीवनांत त्या इच्छेचा मागमूस नसेल, तर शंका घेणें हा आपला धर्मच होय.

मात्र येथें एक चूक टाळली पाहिजे. कडू तें खरें व गोड तें खोटें, असा सोपा नियम या कथांतून काढतां येत नाहीं. बंदिवानांना लिहिलेल्या त्याच पत्रांत यिर्मयानें, घरें बांधा, बागा लावा, ज्या नगरांत तुम्हांला नेलें आहे त्याचें कल्याण इच्छा, सत्तर वर्षांनीं देव तुम्हांला परत आणील, असा धीर दिला आहे. पुढें यरुशलेमाला वेढा पडला असतां, आणि तो स्वतः कैदेंत असतां, त्यानें आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपें तोलून देऊन विकत घेतलें, व या देशांत पुन्हां घरें आणि शेतें विकत घेतलीं जातील असें सांगितलें. शत्रूच्या हातीं जाणाऱ्या भूमीसाठीं गांठचें रुपें मोजणें, ही आशा हनन्याच्या आशेहून वेगळी आहे. हनन्याच्या आशेसाठीं त्याला कांहींच मोजावें लागलें नव्हतें.

आतां शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या सर्व कसोट्या हातीं असूनही ऐकणाराचें मन सरळ नसेल तर त्या निरुपयोगी आहेत. यहोयाकीम राजानें यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचून होत असतांना चाकूनें कापून शेगडींत टाकली. सिद्कीया राजा यिर्मयाला गुप्तपणें बोलावून विचारीत असे. तो खरें बोलतो असें त्याला आंतून वाटत होतें, पण सरदारांच्या भीतीनें त्याप्रमाणें वागण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. सर्वांत आश्चर्याची गोष्ट नगर पडल्यानंतर घडली. उरलेल्या लोकांनीं यिर्मयाकडे येऊन, देव सांगेल तसें करूं, अशी शपथ घेतली. दहा दिवसांनीं त्याला संदेश आला कीं, मिसर देशांत जाऊं नका. त्यांना तर तेथेंच जावयाचें होतें. तेव्हां त्यांनीं त्याला तोंडावर खोटा म्हटलें! ज्याचें भाकीत जळालेल्या मंदिराच्या रूपानें डोळ्यांपुढें खरें ठरलेलें होतें, त्यालाच खोटें ठरविण्यांत आलें. यावरून दिसतें कीं, पुराव्याची उणीव ही लोकांची खरी अडचण नव्हती. आपल्याला हवें तेंच सांगणारा मनुष्य ते शोधीत होते, आणि असा शोध करणाराला हनन्या सांपडल्यावांचून राहत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, संदेष्ट्यांचा तो काळ गेला. तथापि गोड आश्वासन व कडू सत्य यांपैकीं एकाची निवड करण्याचा प्रसंग कोणत्याही पिढीला चुकलेला नाहीं. आपली स्तुति करणारा मित्र व आपली चूक दाखविणारा मित्र, आपल्या समाजाला निर्दोष ठरविणारा पुढारी व त्याचे दोष सांगून झटणारा पुढारी, असे दोघे आपल्यापुढें उभे राहतात तेव्हां, कोण खरा, हा प्रश्न आपण करावाच. पण त्याआधीं, यांपैकीं कोण खरा निघावा अशी माझी इच्छा आहे, आणि ती कां, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. रुपया वाजवून घेणाराचा कानच बिघडलेला असेल तर दगडाचा कांहीं उपयोग नाहीं. हनन्याचें वचन ऐकून यिर्मया आमेन म्हणाला, कारण त्याच्याही मनाला तें हवेंसें होतें. आणि तरीही तेवढ्यावरून त्यानें तें खरें मानिलें नाहीं. आपल्या इच्छेला सत्याहून खालचें आसन देण्याचें हें सामर्थ्य ज्याला लाभलें, त्याला खऱ्या वाणीचा नाद ओळखूं येईल.